आजारपणाचा खर्च आणि आयकरातील वजावट : कुपवाड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे ९ फेब्रुवारी १९९८ रोजी एका महानगरपालिकेत समाविष्ट झाली. या तिन्ही गावांची ओळख मात्र आजही वेगवेगळी आहे. सांगली हळदीच्या बाजारपेठेसाठी, मिरज दवाखान्यांसाठी आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. शेती व व्यापार, वैद्यकीय सेवा आणि कारखानदारी या तीन गोष्टी काही मैलांच्या परिघात एकत्र आल्यामुळे एका महत्त्वाच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी हा परिसर सोयीचा ठरतो. तो प्रश्न असा की, एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न आजारपणात खर्ची पडते तेव्हा त्या उत्पन्नावर कर आकारताना शासन त्या खर्चाची दखल घेते काय? घेत असल्यास केव्हापासून, किती आणि कोणाच्या बाबतीत?

आयकरातील वैद्यकीय वजावटीची चर्चा बहुधा करसल्लागारांच्या पुस्तिकांमध्ये होते. तेथे तिचे स्वरूप 'कर कसा वाचवावा' या सूचनेपुरते असते. इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास मात्र ही वजावट म्हणजे शासन आणि आजारी नागरिक यांच्यातील संबंधांचा एक दस्तऐवज आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने तिचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतीय आयकर कायद्यात वैद्यकीय खर्चाला स्थान कसे मिळाले, याचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) या वजावटीचा लाभ कोणत्या उत्पन्नगटापर्यंत पोहोचला, हे तपासणे.
३) राज्य कामगार विमा योजना आणि आयकरातील वजावट यांच्यामध्ये राहून गेलेल्या वर्गाची स्थिती कुपवाड परिसराच्या संदर्भात स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी आणि वेळोवेळीच्या अर्थसंकल्पांतील बदल हा विवेचनाचा आधार आहे.

संस्थानी मुलूख आणि आयकराचे आगमन

हिंदुस्थानात आधुनिक आयकराची सुरुवात १८६० मध्ये झाली. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर आलेला ताण कमी करण्यासाठी जेम्स विल्सन यांनी हा कर आणला. पुढे १८८६ च्या कायद्याने आयकराला स्थिर स्वरूप दिले. या कायद्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, शेतीचे उत्पन्न करातून वगळण्यात आले. दुसरी, आयुर्विम्याच्या हप्त्याला ठराविक मर्यादेत सवलत मिळाली. म्हणजे कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर कुटुंबाचे काय होईल, याचा विचार करकायद्याने १८८६ मध्येच केला होता. तोच कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला तर काय, हा विचार मात्र त्या कायद्यात नव्हता.

सांगली आणि मिरज हा पटवर्धनांचा संस्थानी मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील आयकर कायदा अशा संस्थानांना थेट लागू नव्हता. १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने आयकराचा अंमल विलीन संस्थानांपर्यंत वाढविण्यात आला. त्याच वर्षी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली जिल्हा झाले.

या परिसरात आयकर येण्यापूर्वीच आधुनिक वैद्यकीय सेवा रुजली होती, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभारले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि तेथील वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव पडले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने उपचाराची सोय, आणि त्याबरोबरच उपचाराचा खर्च, येथील लोकांच्या जीवनाचा भाग झाला. करकायद्याला त्याची दखल घ्यायला बराच काळ लागला.

इतर देशांतील दोन मार्ग

वैद्यकीय खर्चाबाबत पाश्चात्त्य देशांनी दोन भिन्न मार्ग स्वीकारले. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी आयकराचे जाळे सामान्य पगारदारापर्यंत पसरविण्यात आले, तेव्हा १९४२ च्या महसूल कायद्याने वैद्यकीय खर्चाची वजावट दिली. निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक झालेला खर्च, विहित कमाल मर्यादेत, उत्पन्नातून वजा करता येत असे. आज ही किमान पातळी समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्के आहे. या रचनेमागील तत्त्व सरळ आहे. किरकोळ औषधपाणी प्रत्येकाला असतेच, परंतु उत्पन्नाचा मोठा हिस्सा आजारपणात गेला तर त्या माणसाची कर देण्याची कुवत खरोखरच घटते.

ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून उपचाराचा भार करांच्या उत्पन्नातून शासनानेच उचलला. रुग्णाला बिलच येत नसेल तर वजावटीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

भारताने यांपैकी कोणताही मार्ग पूर्णपणे स्वीकारला नाही. सरकारी रुग्णालये उभी राहिली, पण ती अपुरी पडली. करात सवलत आली, पण ती प्रामुख्याने खर्चाला न मिळता विम्याच्या हप्त्याला मिळाली.

१९८६ : आरोग्यविम्याला मान्यता

१९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून अमलात आला. १९६० च्या दशकात अपंग अवलंबितांच्या उपचारासाठी एक मर्यादित वजावट त्यात आली. सर्वसामान्य करदात्याच्या आजारपणाची दखल मात्र १९८६ मध्ये घेतली गेली. तत्कालीन अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या अर्थसंकल्पानंतर कलम '८० डी' नव्या स्वरूपात आले. त्याच वर्षी भारतीय साधारण विमा निगमाने 'मेडिक्लेम' ही योजना सुरू केली. तिच्या हप्त्यापोटी सुरुवातीस वर्षाला ३,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू लागली. आयुर्विम्याला १८८६ मध्ये मिळालेली मान्यता आरोग्यविम्याला मिळण्यासाठी १९८६ साल उजाडावे लागले. मृत्यूची तरतूद आणि आजाराची तरतूद यांत कायद्याने शंभर वर्षांचे अंतर ठेवले, असे म्हणावे लागते.

पुढील काळात या कलमाचा विस्तार होत गेला. २००७ मध्ये मर्यादा १५,००० रुपये आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २०,००० रुपये झाली. २००८ मध्ये आईवडिलांच्या विम्यासाठी स्वतंत्र वजावट मिळाली. २०१२ मध्ये एकूण मर्यादेच्या आत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपये मान्य झाले. २०१५ मध्ये सर्वसाधारण मर्यादा २५,००० रुपयांवर गेली आणि विमा नसलेल्या ८० वर्षांवरील व्यक्तींचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च प्रथमच या कलमात आला. २०१८ मध्ये ज्येष्ठांसाठीची मर्यादा ५०,००० रुपये झाली आणि विमा नसलेल्या ६० वर्षांवरील सर्वांचा प्रत्यक्ष खर्च मान्य झाला. वृद्ध माणसाला विमा कंपन्या सहज दारात उभे करीत नाहीत, या अनुभवाची कायद्याने उशिरा दिलेली ही कबुली होय. तपासणीचा अपवाद वगळता रोखीने दिलेली रक्कम मात्र या कलमात बसत नाही. ज्या बाजारपेठेत आणि ज्या दवाखान्यांच्या काउंटरवर वर्षानुवर्षे रोखीचाच व्यवहार चालत आला, तेथे ही अट अनेकांना वजावटीबाहेर ठेवण्यास पुरेशी होती.

यादीतील आजार आणि यादीबाहेरचे आजार

प्रत्यक्ष उपचाराच्या खर्चासाठी १९९६ च्या वित्त कायद्याने कलम '८० डीडीबी' आले. २००३ मधील सुधारणेनंतर प्रत्यक्ष खर्च किंवा ४०,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल तिची वजावट मिळू लागली. ज्येष्ठ नागरिकांसाठीची मर्यादा २०१८ मध्ये १ लाख रुपये झाली. विम्यातून मिळालेली भरपाई या रकमेतून वजा होते. ही सवलत नियमात नमूद केलेल्या आजारांपुरतीच आहे. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होण्याचा जुनाट विकार, पूर्णावस्थेतील एड्स, हिमोफिलिया व थॅलेसेमिया यांसारखे रक्तविकार आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व आणणारे काही मज्जाविकार त्यात येतात.

या यादीत हृदयविकार नाही, मधुमेह नाही आणि क्षयरोगही नाही. ज्या आजारासाठी वॉनलेसवाडीत आरोग्यधाम उभे राहिले, त्या आजारावर वर्षभर औषधोपचार घेणारा करदाता या कलमाखाली एक रुपयाही वजा करू शकत नाही. त्याउलट राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ मुदतीच्या आजारलाभासाठी जी यादी आहे तिच्यात क्षयरोगाचा समावेश आहे. कामगारकायद्याने कामगाराची मजुरी किती काळ बुडते ते पाहिले, तर करकायद्याने आजाराचे नाव पाहिले. दोन्ही कायदे एकाच देशाचे आहेत, हे विसरता येत नाही.

वजावटीचा लाभ कोणाला?

वजावट म्हणजे परतावा नव्हे, ही बाब सामान्य माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. २५,००० रुपयांच्या वजावटीमुळे ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे ७,५०० रुपये वाचतात, २० टक्के दराच्या करदात्याचे ५,००० रुपये वाचतात आणि ५ टक्के दराच्या करदात्याचे केवळ १,२५० रुपये वाचतात. हा हिशेब उपकर वगळून केला आहे. ज्याच्यावर करच बसत नाही त्याला काहीही मिळत नाही. हप्ता सर्वांना सारखाच असला तरी शासनाचा हातभार उत्पन्नाबरोबर वाढत जातो.

परिसरातील हळद वा द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. तो करातून सुटला, त्याबरोबर वजावटीच्या लाभातूनही सुटला. मिरजेच्या रुग्णालयातील बिल त्याला पूर्णपणे स्वतःच्या पदरचे भरावे लागते. त्याच्या मालाचा व्यापार करणाऱ्या अडत्याला मात्र तेवढ्याच विम्याच्या हप्त्यावर करात सूट घेता येत असे.

यात अप्रत्यक्ष कराची भर पडली. १ जुलै २०१७ पासून आरोग्यविम्याच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २०,००० रुपयांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर द्यावा लागे. एकूण २३,६०० रुपयांच्या वजावटीतून ५ टक्के दराच्या करदात्याचे १,१८० रुपये वाचत. म्हणजे शासनाने जेवढी सवलत दिली त्याच्या तिप्पट रक्कम त्याच हप्त्यावर वसूल केली. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, तेव्हा ही विसंगती दूर झाली.

पगारदारांना आणखी एक सवलत होती. मालकाने दिलेली वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत करमुक्त असे. त्यासाठी औषधांची बिले जमा करावी लागत. २०१८ मध्ये ही सवलत आणि दरमहा १,६०० रुपयांचा प्रवासभत्ता रद्द होऊन त्यांच्या जागी ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आली. जुन्या दोन्ही सवलतींची बेरीज ३४,२०० रुपये होती. त्यामुळे पगारदाराला ५,८०० रुपये अधिक मिळाले खरे, परंतु आजारी आणि निरोगी यांच्यात भेद करणारी एक तरतूद कायद्यातून निघून गेली.

कुपवाडचा कामगार आणि मधली पोकळी

कुपवाडच्या कामगाराच्या दृष्टीने आयकरापेक्षा राज्य कामगार विमा योजना अधिक जवळची. १९४८ च्या कायद्यावर आधारलेली ही योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ मध्ये महाराष्ट्रात आली. कामगारांच्या बोलण्यात ती 'ईएसआय' म्हणूनच येते. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के झाली. या वर्गणीच्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळतो. आयकरातील कोणत्याही वजावटीत ही दुसरी सोय नाही. योजनेच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी असतात, तरीही तत्त्वतः ही आजारी माणसाला दिलेली सर्वांत व्यापक हमी होय.

येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील वर्गणी २०१० च्या सुधारणेने '८० डी' मध्ये समाविष्ट झाली. कारखान्यातील कामगाराच्या ईएसआय वर्गणीचा उल्लेख त्या कलमात नाही.

या योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. बारा महिन्यांचा हिशेब केल्यास ही रक्कम २,५२,००० रुपये होते. त्या वेळी आयकरातील करमुक्त मर्यादा २,५०,००० रुपये होती. म्हणजे कामगार विम्याची हद्द जेथे संपे तेथेच आयकराची हद्द सुरू होई. वरवर पाहता ही रचना नेटकी वाटते. खालच्या वेतनगटाला विमा आणि वरच्या गटाला वजावट अशी ती विभागणी होती.

प्रत्यक्षात ही विभागणी टिकली नाही. २०१९ मध्ये ५ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य झाला. २०२० मध्ये कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नाकारणारी नवी करप्रणाली आली आणि २०२३ च्या वित्त कायद्याने तीच मूळ प्रणाली ठरली. तिच्यात '८० डी' आणि '८० डीडीबी' या दोन्ही वजावटी मिळत नाहीत. २०२५ च्या अर्थसंकल्पाने या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीसह पगारदारासाठी ही मर्यादा १२,७५,००० रुपये होते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्यात जुन्या वजावटी नव्या क्रमांकांनी राहिल्या, पण त्या जुनी प्रणाली निवडणाऱ्यांपुरत्याच.

या बदलांचा अर्थ कुपवाडच्या संदर्भात असा होतो. दरमहा २१,००० रुपयांहून थोडे अधिक वेतन मिळू लागलेला कुशल कामगार, पर्यवेक्षक वा लेखनिक कामगार विम्याच्या बाहेर पडतो. तेथपासून दरमहा सुमारे १ लाख रुपयांपर्यंत वेतन असलेल्या सर्वांवर आयकर बसत नाही, म्हणून वजावटीलाही अर्थ उरत नाही. पगारवाढ झाली की चालू वर्गणीकाळ व त्याला जोडलेला लाभकाळ संपल्यावर कुटुंबाचे हे आरोग्यसंरक्षण जाते. पगारवाढीचा आनंद आणि विमा गेल्याची काळजी अशा कुटुंबात एकाच वेळी येतात. करमुक्ती ही या वर्गाला मोठी सवलत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती निरोगी कुटुंबाला आणि डायलिसिसचा रुग्ण असलेल्या कुटुंबाला सारखीच मिळते. याशिवाय दहापेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपमधील कामगार सामान्यतः मूळ योजनेच्या कक्षेतच आला नाही.

तिसरा प्रवाह : शासकीय आरोग्य योजना

ही पोकळी काही प्रमाणात राज्य शासनाच्या योजनेने भरून काढली. २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये सांगलीसह उर्वरित जिल्ह्यांत आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली आणि संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता प्रवेश मिळाला.

या योजना उपचाराच्या वेळीच मदत करतात, वर्षअखेरच्या विवरणपत्राची वाट पाहायला लावत नाहीत. हे त्यांचे मोठे बलस्थान आहे. तथापि त्यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठराविक उपचारांवर आहे. रक्तदाब, मधुमेह यांची दरमहाची औषधे आणि तपासण्या यांचा खर्च कुटुंबावरच राहतो. वजावट नाही आणि योजनाही नाही, असा हा नित्याचा खर्च आहे.

निष्कर्ष

१) भारतीय आयकराने आजाराला थेट मान्यता न देता प्रामुख्याने विम्याच्या हप्त्याला मान्यता दिली. प्रत्यक्ष खर्चाची दखल ठराविक आजार आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यापुरती मर्यादित राहिली.

२) वजावटीचे स्वरूपच असे आहे की तिचा लाभ उत्पन्नाबरोबर वाढतो. ज्यांना मदतीची गरज अधिक होती ते करदाते नसल्यामुळे तिच्या बाहेर राहिले.

३) कामगार विम्याची वेतनमर्यादा स्थिर राहिली आणि करमुक्तीची मर्यादा वर सरकली. त्यामुळे दोहोंच्या मधला वर्ग वाढत गेला. कुपवाडसारख्या औद्योगिक गावात हा वर्ग कुशल कामगारांचा आणि कनिष्ठ पगारदारांचा आहे.

४) नव्या करप्रणालीमुळे १९८६ मध्ये सुरू झालेला वैद्यकीय वजावटीचा कालखंड मावळतीला लागला आहे. त्याबद्दल सरसकट हळहळ करण्याचे कारण नाही. मात्र जी सवलत गेली तिच्या जागी काय आले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

या विवेचनावरून तीन उपाय सुचवावेसे वाटतात. कामगार विम्याची वेतनमर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडावी. वेतनवाढीमुळे योजनेबाहेर जाणाऱ्या कामगाराला स्वतःची पूर्ण वर्गणी भरून सभासद राहण्याचा पर्याय मिळावा. उत्पन्नाच्या विशिष्ट टक्क्यांहून अधिक वैद्यकीय खर्च झालेल्या कुटुंबाला, त्यावर कर बसत असो वा नसो, मर्यादित परतावा देण्याचा विचार व्हावा. सांगली-मिरज परिसरात उपचाराची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. दवाखान्यापर्यंतचा रस्ता येथे कोणालाच लांब नाही. त्या रस्त्याने गेलेल्या कुटुंबाला परत येताना कर्जबाजारी व्हावे लागू नये, एवढीच अपेक्षा आरोग्यविषयक करधोरणाकडून आणि कामगारधोरणाकडून आहे.